बिडाकडून ॲल्युमिनियमकडे : टर्बो इंजिनच्या ब्लॉकचा दोन दशकांचा मागोवा

मुंबई-कोलकाता महामार्ग साकोलीतून जातो, त्यामुळे देशात इंजिनं बदलली की त्याची खबर इथल्या गॅरेजांना लवकर लागते. भंडाऱ्याकडे जाताना गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून उभा आहे. ट्रकची इंजिनं खोलतच या भागातले कितीतरी हात तयार झाले. ट्रकचा ब्लॉक बिडाचा, म्हणून ब्लॉक म्हटलं की बीडच डोळ्यांपुढे यायचं. गेल्या वीसेक वर्षांत मात्र दोन बदल एकमेकांच्या पाठोपाठ आले. आधी टर्बो ट्रकमधून जीप आणि मोटारीत उतरला, मग ब्लॉकही ॲल्युमिनियमचा होऊ लागला. पहिल्या बदलानं ब्लॉकवरचा ताण वाढवला, दुसऱ्यानं ताठपणात उणा असलेला धातू त्याच ताणाखाली आणला. हे गणित जुळलं कसं, हे स्वतःच्या गाडीला टर्बो लावू पाहणाऱ्यानं नीट समजून घ्यायला हवं.

जगात मोटारीत टर्बो आला तोच ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर. 1962 ची अमेरिकी ओल्डस्मोबिल जेटफायर टर्बो बसवून विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी. तिचा व्ही-8 ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत सिलिंडरांना बिडाचे लायनर, म्हणजे अस्तर. नॉकिंग, म्हणजे ठोके मारणारं अवेळी ज्वलन, आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारावं लागे. ती टाकी वेळेवर भरणं मालकांना जमलं नाही आणि गाडी लवकरच बंद झाली. 1971 च्या शेव्हरोले वेगाला टर्बो नव्हता, पण लायनरही नव्हता. पिस्टन थेट सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमवर घासायचा. इंजिन तापलं की सिलिंडरचं बोअर बिघडे, तेल जळू लागे, आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं नाव खराब झालं. उलट 1983 मध्ये नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरला तो बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर टर्बोवर, आणि त्याचा ब्लॉक बिडाचा होता. टर्बो लावायचा तर ब्लॉक बिडाचा, ही समजूत पक्की व्हायला एवढं पुरेसं होतं.

आपल्याकडेही सुरुवात बिडानंच झाली. 2002 मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ निघाली ती 2.6 लिटर टर्बो डिझेल घेऊन. मग फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट आलं. रांजणगावला आणि मानेसरला बनलेलं हे छोटं इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत गावोगावी पोहोचलं. एकाच इंजिनचे 75 आणि 90 पीएसचे अवतार निघाले, आणि बिडाच्या ब्लॉकनं दोन्ही पेलले. हेड मात्र ॲल्युमिनियमचं होतं, आणि अडचण तिथंच होती. ॲल्युमिनियम उष्णतेनं बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. अर्धा मीटर लांबीचा भाग 70 अंशांनी तापला तर बीड साधारण 0.4 मिलिमीटर वाढेल, ॲल्युमिनियम पाऊण मिलिमीटरच्या वर. या दोघांमधली ओढाताण गॅस्केटनं सोसायची.

पूर्व विदर्भातल्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी घातलेलं असेल, तर गाडी हीट व्हायला वेळ लागत नाही. मग हेड उतरतं. मिस्त्री ते पुसून त्यावर सरळ पट्टी आडवी धरतो, पट्टीखाली फीलर गेजचं पातं सरकवतो. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद जागेत 0.10 चं पातं सहज शिरलं की तो मान हलवतो. हेड वाकलेलं असतं. लेथवर फेस मारून, नवं गॅस्केट टाकून गाडी पुन्हा रस्त्यावर येते. पण हेडची ही दुरुस्ती जितकी सोपी, तितकी ब्लॉकची नसते. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर बेपर्वाईची किंमत अनेक पटींनी वाढते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे उत्सर्जन मानक आलं. इंजिन हलकं हवं, लवकर गरम व्हायला हवं, त्यानं कमी इंधनात जास्त ताकद द्यायला हवी, असा दबाव आला. ॲल्युमिनियमचं वजन बिडाच्या निम्म्याहून कमी, आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे तिप्पट. 2021 मध्ये चाकणला बनलेलं 1.0 लिटरचं टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन कुशाक या मोटारीत आलं. 2022 च्या स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये पूर्ण ॲल्युमिनियमचं एमहॉक डिझेल बसलं आणि इंजिन 55 किलोंनी हलकं झालं. वीस वर्षांत एकाच नावाच्या गाडीनं बिडापासून ॲल्युमिनियमपर्यंतचा रस्ता कापला.

हे जमलं ते ब्लॉकच्या बांधणीमुळे. टीएसआयच्या ॲल्युमिनियममध्ये बिडाचे लायनर ओततानाच बसवलेले असतात. त्याचा डेक, म्हणजे हेड बसतं तो ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, उघडा आहे; सिलिंडर पाण्याच्या पोकळीत परातीतल्या ग्लासांसारखे सुटे उभे असतात. सिलिंडरचा वरचा, सर्वांत तापणारा भाग यामुळे चांगला थंड राहतो, आणि कंपनीनं ठरवलेल्या दाबाला ही रचना पुरेशी आहे. पण 74.5 मिलिमीटरच्या बोअरमध्ये दाब 100 बारवर गेला, तर हेडला वर ढकलणारा जोर साधारण साडेचार टन होतो. बूस्ट, म्हणजे टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब, वाढवला की हा आकडा वाढतो, वरून मोकळे असलेले सिलिंडर किंचित हलू लागतात, आणि गॅस्केट आधी हार मानतं. बीएमडब्ल्यूच्या इंजिनांचा प्रवास इथं बोलका आहे. 2006 चं एन54 आणि 2009 चं एन55 उघड्या डेकचं, 2015 चं बी58 मात्र बंद डेकचं. ॲल्युमिनियम कायम ठेवून त्यांनी सिलिंडरांना वरून आधार दिला. पुढे 2019 च्या टोयोटा सुप्रामध्ये हेच बी58 बसलं.

म्हणून टिकाऊ टर्बो इंजिन बांधायचं असेल, तर ब्लॉक निवडताना आधी डेक पाहावा. बूस्ट बराच वाढवायचा असेल तर बंद किंवा अर्धबंद डेक घ्यावा. मग लायनर बिडाचे आहेत का, आणि बोअर वाढवल्यावर त्यांची भिंत किती उरते, हे मोजावं. मेन बेअरिंगच्या कॅप सुट्या असण्यापेक्षा त्या सगळ्यांना बांधणारी एकसंध बेडप्लेट बरी. ॲल्युमिनियममधले आटे वारंवार खोलण्यानं मरतात, म्हणून हेडला बोल्टांऐवजी स्टड आणि कसताना टॉर्क रेंच हवाच. जुना ब्लॉक एकदा जरी जास्त तापलेला असेल, तरी डेक आणि बोअर मोजल्याशिवाय घेऊ नये. पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा ॲल्युमिनियमला नसते. लहान ताणही लाखो वेळा पडला की तडा देऊ शकतो. आणि भंडाऱ्याची एमएच 36 ची गाडी असो की कुठलीही, इंजिनात असा बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून आरटीओची परवानगी घ्यावी.

बूस्ट फार चढवायचा आहे आणि वजनाची फिकीर नाही, तर बीड आजही स्वस्त आणि खात्रीचं. रोजच्या गाडीत मध्यम बूस्ट हवा असेल, तर नीट आधार दिलेल्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला घाबरायचं कारण नाही. मात्र साकोलीच्या उन्हात त्याचं आयुष्य रेडिएटरवर आणि कूलंटवर ठरतं. टर्बोवर पैसे घालण्याआधी ते तिथं घाला.