तीन गुणांचे गाणे

६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात युरोव्हिजनची गीतस्पर्धा झाली. ‘वॉटर्लू’ गाऊन स्वीडनचा आबा हा चमू जिंकला आणि जगभर पोचला. पोर्तुगालच्या पाउलु द कार्वाल्यु याच्या पदरात पडले अवघे तीन गुण. आणखी तीन देशांच्या जोडीने तो तळाशी राहिला. पुढच्या तीन आठवड्यांच्या आत त्याच्या याच गाण्याने पोर्तुगालमधली जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही उलथवण्याची खूण दिली. या स्पर्धेतल्या दुसऱ्या कुठल्याही गाण्याला मी इतके मोठे मानत नाही.

पोर्तुगाल या मंचावर प्रथम आला १९६४ साली, कोपनहेगनला. हुकूमशहा सालाझारची सत्ता होती, आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये युद्ध पेटले होते. आंतोनियु काल्वारियु याच्या गाण्याला शून्य गुण मिळाले. त्याच कार्यक्रमात स्पेनचा हुकूमशहा फ्रांको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका असा फलक घेऊन एक निदर्शक थेट रंगमंचावर चढला होता. पुढेही निकाल फारसे सुधारले नाहीत.

पण देशांतर्गत निवड-स्पर्धेत, म्हणजे ‘फेश्तिवाल द कांसांव’मध्ये, वेगळेच काही शिजत होते. सरकारी दूरचित्रवाणीवरच्या या कार्यक्रमासाठी आरी दुश सांतुश हा कम्युनिस्ट कवी गाणी लिहीत होता. १९६९ साली सिमोन द ऑलिव्हेरा हिने गायलेल्या त्याच्या गीतात स्त्रीच्या देहसुखाचा उघड उच्चार होता. सनातनी पोर्तुगालमध्ये गहजब झाला. १९७३ च्या ‘तोराडा’त त्याने बैलांच्या झुंजीचे रूपक घेऊन सत्ताधारी समाजाची खिल्ली उडवली, आणि ते गीत सेन्सॉरच्या हातून निसटून थेट लक्झेंबर्गच्या स्पर्धेत पोचले. जिथे वर्तमानपत्राचा मजकूर आधी तपासला जाई, तिथे घराघरांत पाहिला जाणारा गाण्यांचा कार्यक्रम ही केवढी मोठी फट होती!

१९७४ चे गाणे मात्र निखळ प्रेमभंगाचे. ‘इ देपॉइश दु अदेउश’, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’. शब्द जुझे निझा यांचे, संगीत जुझे काल्वारियु यांचे. वसाहतींच्या युद्धाला कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठावाची खूण म्हणून ते निवडले ते याच कारणाने: त्यात राजकारणाचा लवलेश नव्हता. नुकतेच स्पर्धेत गायलेले गाणे रेडिओवर लागले तर कोणाला संशय येणार? २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका केंद्रावरून ते वाजले आणि छावण्यांमधल्या तुकड्या सज्ज झाल्या. मध्यरात्र उलटल्यावर दुसऱ्या केंद्रावरून जुझे आफोन्सु याचे ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ लागले. आता माघार नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सालाझारच्या जागी आलेला पंतप्रधान कायतानु शरण आला, आणि सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुले खोचली.

गोव्याच्या दृष्टीने ही रात्र फार मोलाची. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी सालाझारने भारताचा हक्क अखेरपर्यंत मान्य केला नाही. मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे तर पोर्तुगालच्या तुरुंगातून १९६९ मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी संगीतकार सुधीर फडके झटले होते. क्रांतीनंतर चित्र पालटले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व लिस्बनने अखेर मानले. त्या रात्री रेडिओवर वाजलेल्या गाण्याचा धागा असा पणजीपर्यंत येतो.

१९७५ साली पोर्तुगालने स्टॉकहोमला दुआर्ती मेंदिश याला धाडले. तो उठावात स्वतः भाग घेतलेला लष्करी कॅप्टन. गाण्याचे नाव ‘माद्रुगाडा’, म्हणजे पहाट. क्रमांक सोळावा.

पहिल्या विजयासाठी २०१७ उजाडावे लागले. कीव्हमध्ये साल्वादोर सोब्राल याने बहीण लुइझाने रचलेले ‘आमार पेलुश दोइश’ गायले. हृदय कमकुवत असल्याने तो उशिरा पोचला. सुरुवातीच्या तालमीत त्याच्या जागी लुइझा उभी राहिली. नर्तक नाहीत, आतषबाजी नाही, भाषाही पोर्तुगीजच. ७५८ गुण मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झाले. पुढच्या वर्षी स्पर्धा लिस्बनला भरली आणि यजमानांचे गाणे अंतिम फेरीत शेवटचे आले.