पडलेल्यांनीच सावरले

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रुळांवर केडगाव लागते. तेथेच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे संस्कृत पांडित्य आपण ऐकून असतो, त्यांच्या धर्मांतरावरून उठलेले वादळही ऐकून असतो. पण मुक्तीचा हा संसार चालवला कोणी, हे पाहू लागले म्हणजे मन थबकते. तो चालवला उपाशी, निराधार, अंध आणि घरच्यांनी टाकलेल्या बायकांनी!

याचे मूळ रमाबाईंच्या स्वतःच्या उपासमारीत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात भांडीकुंडीसुद्धा विकून झाली. घरात विद्या अपार; पण पोट भरेल असे अंगमेहनतीचे काम कोणाला येईना, आणि हात पसरणे कुळाच्या अभिमानाला मानवेना. वडील, आई, थोरली बहीण अशी एकेक माणसे गेली. हा अभिमान केवढ्याला पडला, ते रमाबाईंनी पुढे आडपडदा न ठेवता लिहिले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही गेले. उरली तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात मायलेकींनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते. त्या तिकडे धावल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता, म्हणून मुलींचे बिऱ्हाड केडगावच्या शेतावर हलले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या. त्यांची शुश्रूषा कोणी करायची? पहिल्या दुष्काळातून वाचलेल्या मुली पुढे झाल्या. काल जिला घास भरवावा लागला होता, ती आज दुसरीला भरवू लागली!

एकमेकांचा भार उचलणे हा ख्रिस्ती मंडळीचा जुना धर्म. मुक्तीत तो नुसत्या प्रवचनात राहिला नाही. १९०५ मध्ये तेथल्या प्रार्थनासभांत शेकडो बायका आपले दुःख आणि आपल्या चुका सर्वांसमक्ष बोलून रडल्या. पण रडून थांबल्या नाहीत. कोणी मागावर बसे, कोणी शिवण करी, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचते केले. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. तेही या बायकांच्याच हातांनी छापले गेले. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, १९२२ मध्ये रमाबाई. तरीही घर मोडले नाही, कारण ते एकीच्याच खांद्यावर नव्हते.

आपल्या पांढरपेशा घरांत काय चालते? नोकरी गेली, दुखणे जडले, मुलाचे बिनसले, की आपण आधी दार लोटून घेतो. चार लोक काय म्हणतील! डोंगऱ्यांच्या घरालाही मागण्याचीच लाज वाटली होती.

दिवाळीत फराळाचे ताट घेऊन शेजारीण येईल आणि सहज विचारील, “काय हो, बरं आहे ना सगळं?” बरे नसेल, तर एकदा तसे सांगून पाहावे. कदाचित तीही टेकेल, आणि आपले सांगू लागेल.