झोपेतला उजेड आणि मधुमेहाचे डोळे

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका काकूंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी? तर झोपताना डोळ्यांवर बांधायच्या उजेडाच्या पट्टीसाठी. काकूंना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. "सुई नको, लेझर नको, नुसतं बांधून झोपायचं," असं भाच्याने त्यांना मोबाइलवर दाखवलं होतं. पैसा सगळ्या जणींचा, म्हणून आम्ही आधी माहिती काढली. तीच आज सांगतो.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्यातल्या अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींना अंधारात जास्त प्राणवायू लागतो. मधुमेहाने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि प्राणवायू कमी पडतो. मग बंद पापण्यांवर रात्रभर मंद हिरवट उजेड पाडला, तर या पेशींची भूक कमी होईल आणि पडद्याची सूज उतरेल, असा हा विचार. विचार चुकीचा वाटत नाही ना? पण औषध विचारावर नाही, अनुभवावर पारखायचं असतं.

ब्रिटनमध्ये ते पारखलं गेलं. पडद्याला सूज येऊ लागलेल्या ३०८ रुग्णांपैकी काहींना उजेडाची पट्टी दिली, काहींना तशीच दिसणारी बिनउजेडाची. दोन वर्षांच्या वापरानंतरचा निष्कर्ष २०१८ साली छापून आला: दोन्हीकडच्या सुजेत फरक नव्हता. शिवाय बऱ्याच जणांकडून पट्टी रोज बांधलीच गेली नाही. म्हणून या पट्टीच्या भरवशावर राहू नका.

मग करायचं काय? रक्तातली साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवायचा. मधुमेह असलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. आधीपासून मधुमेह असेल आणि दिवस राहिले, तर लगेच तपासायचं. डोळ्यासमोर काळे ठिपके आले, सरळ रेघ वाकडी दिसली, तर वर्षाची वाट पाहायची नाही. लेझर आणि डोळ्यातलं इंजेक्शन ऐकून भीती वाटते, पण नजर वाचवणारे उपाय तेच आहेत. वेळेत केले तर जास्त उपयोग होतो.

आम्ही काकूंना कर्ज दिलं, पण पट्टीसाठी नाही. तालुक्याला जाण्यासाठी आणि तपासणीसाठी. एक जण सोबत गेली, कारण थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं. काकूंच्या डाव्या डोळ्यात सूज निघाली. त्या म्हणाल्या, "अगं, मला तर सुईत दोरा ओवता येतो!" खरी गोष्ट हीच आहे मैत्रिणींनो. पडदा बिघडू लागतो, तेव्हा दुखत नाही आणि दिसायचंही थांबत नाही.

पुढच्या बैठकीत वहीत एक रकाना वाढवा: कोणाला मधुमेह आहे, आणि पडदा शेवटचा कधी तपासला. रकाना रिकामा राहिला, तर तिला घेऊन जा.