दाढ काढण्यापूर्वी थोडे थांबा

नागपुरात पौषातले बोचरे वारे सुटले, की काहींच्या गालात एकाएकी वीज चमकल्यासारखी कळ उठते. दात घासताना, तोंड धुताना, तर्री-पोह्याचा घास चावतानाही ती येते. काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत ओसरते आणि पुन्हा उसळते. दाढ किडली असावी, अशा समजुतीने काहीजण ती काढून घेतात. दाढ जाते, वेदना तशीच राहते.

या विकाराचे नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांत, तो अधिक आढळतो. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या तीन शाखा कपाळ, गाल आणि जबड्यात पसरलेल्या असतात. मेंदूच्या बुंध्यापाशी बहुधा एखाद्या रक्तवाहिनीचे वेटोळे या मज्जातंतूवर दाब देते. त्या स्पंदनांनी, विजेच्या तारेवरील वेष्टन झिजावे तसे, मज्जातंतूचे आवरण झिजते. मग हलका स्पर्शही वेदना होऊन मेंदूत पोहोचतो.

अभिनेते सलमान खान यांनी आपल्या या व्याधीविषयी जाहीरपणे सांगितले आहे. २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेत उपचार घेतले. आपल्याला मात्र त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मेंदूविकार व मेंदूशल्यचिकित्सा असे दोन्ही विभाग आहेत.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. १९६० च्या दशकापासून वापरात असलेले कार्बामाझेपिन हे मूळचे फिट्सवरील औषध बहुतेकांना आराम देते. मात्र त्याने गुंगी येऊ शकते, रक्तातील सोडियम घटू शकते. म्हणून अधूनमधून रक्ततपासणी हवी. अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एरवी औषध आपल्या मनाने बंद करू नये. औषध पुरेसे न पडल्यास शस्त्रक्रियेने रक्तवाहिनी व मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवतात. अमेरिकी शल्यविशारद पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रूढ केली.

वेदना चाळिशीच्या आत सुरू झाली, दोन्ही बाजूंना असली, चेहरा बधिर झाला वा ऐकू कमी येऊ लागले, तर एमआरआय तपासणी लांबवू नये. मागे गाठ वा अन्य मेंदूविकार असू शकतो.

वाचकहो, दंतवैद्यांनी दात निर्दोष ठरवूनही घरातील कुणी कळीच्या भीतीने जेवण टाळत असेल, तर त्या व्यक्तीला ‘सहन कर’ असे सांगू नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा.