‘हिअर’ आणि ‘लिसन’ : सीमाभागातील वर्गातून

‘हिअर’ आणि ‘लिसन’ या दोन्ही इंग्रजी क्रियापदांपुढे ‘ऐकणे’ एवढाच अर्थ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांतील भेद सहसा उमगत नाही; बेळगाव-निपाणी पट्ट्यातील कन्नड भाषक विद्यार्थ्याची अडचण तर आणखी वाढते, कारण कन्नडमधील ‘केळु’ या एकाच धातूचे ऐकणे आणि विचारणे असे दोन्ही अर्थ होतात.

‘हिअर’मध्ये आवाज कानावर पडतो, मग लक्ष असो वा नसो, ‘लिसन’मध्ये मनुष्य जाणूनबुजून कान देतो. निपाणीच्या बसस्थानकावरील प्रवाशाला सगळ्याच गाड्यांच्या घोषणा ऐकू येतात, पण कोल्हापूरला जायचे असेल तर त्याच गाडीची घोषणा तो लक्षपूर्वक ऐकतो. पहिली क्रिया ‘हिअर’, दुसरी ‘लिसन’. व्याकरणही या भेदाला धरून चालते. ‘हिअर’ला थेट कर्म जोडता येते, तर ‘लिसन’च्या कर्मापूर्वी ‘टू’ लागतो. म्हणून ‘लिसन द रेडिओ’ ही रचना चुकते. तसेच ‘हिअर’ केवळ कानाचा अनुभव सांगत असेल, तर ते अपूर्ण काळात सहसा येत नाही, त्यामुळे फोनवर ‘आय ॲम हिअरिंग यू’ न म्हणता ‘आय कॅन हिअर यू’ म्हणतात. न्यायालय खटला ऐकते तेव्हा मात्र ते लक्षपूर्वक ऐकत असूनही रूढीने ‘हिअर’च येते.

हाच भेद मराठी वाक्यरचनेने दाखवते. ‘मला ऐकू आले’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थी विभक्तीत, म्हणजे ‘ला’ प्रत्यय घेऊन येतो. ‘मी ऐकले’ यात तो कर्ता होतो. कन्नडमध्येही ‘ननगे केळिसितु’ आणि ‘नानु केळिदे’ अशी तंतोतंत जोडी आहे. मराठी आर्यकुळातील आणि कन्नड द्राविडकुळातील असूनही हे साम्य आढळते, ते शतकानुशतकांच्या शेजाराशी सुसंगत आहे. ज्या १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्याच वर्षी भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी भारत हे एकच भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १९७१ मध्ये गम्पर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा अभ्यास मांडला. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, वाक्यांची घडण मात्र कमालीची जवळ आल्याचे त्यांना दिसले.

म्हणून सीमाभागातील शिक्षकाने ‘ऐकणे’ हा सुटा अर्थ घोकून घेण्याऐवजी ‘मला ऐकू आले’ व ‘मी ऐकले’ ही वाक्ये, त्यांच्या कन्नड जोडीसह, फळ्यावर शेजारी लिहावीत; इंग्रजीतील भेद समजण्यासाठी लागणारी जाण मुलांच्या घरच्या बोलीत आधीपासूनच आहे.