एडवर्ड त्या खोलीत काय करत होता?

‘ट्वायलाइट’ ही कादंबरी अर्ध्यावर गेल्यावर एक प्रसंग येतो. सतरा वर्षांच्या बेला स्वानला कळतं, की आपल्याला आवडणारा एडवर्ड कलन गेले कित्येक दिवस रात्री आपल्या खोलीत येतोय. ती झोपली की तो गुपचूप आत शिरतो, तिच्याकडे बघत बसतो आणि ती झोपेत जे बरळते तेही ऐकतो. हे ऐकून बेला रागावल्याचा आव आणते, पण मनातून तिला बरंच वाटतं. खरी काळजी तिला वेगळीच असते: आपण झोपेत काय काय बोललो असू! एक तपशील सांगायलाच हवा. बेलाचे वडील चार्ली हे त्या गावचे पोलीसप्रमुख आहेत आणि हे सगळं चालू असताना ते त्याच घरात घोरत असतात.

ही कादंबरी आली २००५ च्या ऑक्टोबरात. तेव्हापासून या प्रसंगावरून वाचकांचे दोन तट पडलेत. एका तटाच्या मते, प्रेम असावं तर असं. दुसरा तट म्हणतो, चार्लीला उठवा आणि या पोराला आत टाका. गंमत म्हणजे दोन्ही तटांत बऱ्याचदा एकच वाचक सापडते. पंधराव्या वर्षी ती पहिल्या तटात होती, तिशीत दुसऱ्यात गेली, आणि तरीही पुस्तक तिने रद्दीत घातलेलं नाही.

स्टेफनी मेयर ही अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात राहणारी, इंग्रजी साहित्याची पदवीधर, तीन मुलांची आई. २ जून २००३ च्या पहाटे तिला स्वप्न पडलं: रानातल्या मोकळ्या कुरणात एक मुलगी आणि एक देखणा व्हॅम्पायर बोलताहेत, त्याचं तिच्यावर प्रेम आहे आणि तिच्या रक्ताच्या वासाने तो कासावीसही झालाय. ते स्वप्न म्हणजे आजच्या पुस्तकातलं तेरावं प्रकरण. मुलांचं पोहणं, खाणंपिणं सांभाळत तिने तीन महिन्यांत कादंबरी संपवली आणि साहित्यिक एजंटांना पंधरा पत्रं पाठवली. नऊ ठिकाणांहून नकार आला, पाच जणांनी उत्तरच दिलं नाही, एकीने हो म्हटलं. त्या एका होकारातून तीन पुस्तकांसाठी साडेसात लाख डॉलरचा करार झाला. पुढे ‘न्यू मून’, ‘इक्लिप्स’ आणि ‘ब्रेकिंग डॉन’ आली. ऑगस्ट २००८ मध्ये आलेल्या ‘ब्रेकिंग डॉन’च्या पहिल्याच दिवशी अमेरिकेत तेरा लाख प्रती खपल्या. जगभरात या मालिकेचा खप दहा कोटींच्या पुढे गेलाय.

कथा वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या गावात घडते. मेयर तोवर या गावी गेलेलीही नव्हती. तिचे व्हॅम्पायर उन्हात जळत नाहीत, हिऱ्यांसारखे चकाकतात. म्हणून दिवसाढवळ्या शाळेत जायचं तर ढगाळ गाव हवं. अमेरिकेत सर्वांत जास्त पाऊस कुठे पडतो, हे शोधताना तिला फोर्क्स सापडलं. पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या आसपासच, फक्त चार महिन्यांत कोसळून मोकळा होण्याऐवजी वर्षभर पिरपिरणारा.

चकाकण्यावरून भयकथांच्या जुन्या वाचकांनी डोक्याला हात लावला. त्यांचंही खरं आहे. नारायण धारपांवर वाढलेल्या वाचकाने हे पुस्तक उघडलं, तर त्याची पहिली तक्रार हीच असणार, की बाई, यात घाबरायचं कुठे? कलन कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, रानातल्या जनावरांवर भागवतं. घरातले वडील डॉक्टर आहेत. संध्याकाळी पियानो वाजतो. पण हे पुस्तक भीतीसाठी वाचणाऱ्यांनी ते चुकीच्या फळीवरून उचललंय. मेयरने पहिल्या भागामागची प्रेरणा म्हणून जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं नाव घेतलंय. गर्विष्ठ, श्रीमंत, तुसडा पुरुष आणि त्याच्या तुसडेपणामागे दडलेलं भलतंच काही. व्हॅम्पायरचे सुळे त्या जुन्याच साच्यावर बसवले आहेत.

मग मुलींना त्यात नेमकं काय आवडलं? ‘एडवर्ड देखणा आहे’ हे उत्तर अपुरं आहे. माझ्या मते खरी करामत बेलाची आहे. ती स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, पण स्वतः कशी दिसते हे फारसं सांगत नाही. नव्या शाळेत अवघडलेली, खेळाच्या तासाला चेंडू डोक्यावर घेणारी, घरी आल्यावर वडिलांसाठी स्वयंपाक करणारी, कपडे धुणारी. समीक्षक म्हणाले, या पात्राला चेहराच नाही. वाचणाऱ्या मुली म्हणाल्या, बरंच झालं, तिथे आमचा बसतो. दोघंही एकच गोष्ट सांगत होते.

दुसऱ्या भागात याचा एक चांगला नमुना आहे. एडवर्ड बेलाला सोडून निघून जातो. पुढचं पान उलटलं तर त्यावर एकच शब्द: ऑक्टोबर. नंतरच्या पानावर नोव्हेंबर. मग डिसेंबर, मग जानेवारी. बाकी पानं कोरी. हसणाऱ्यांनी याचीही टर उडवली, की लेखिकेला लिहायला सुचलं नाही वाटतं. मला मात्र हे मेयरने केलेलं सगळ्यांत नेटकं काम वाटतं. एरवी तिला एडवर्डच्या सौंदर्यासाठी विशेषणं पुरत नाहीत, ती ‘संगमरवरी’ आणि ‘परिपूर्ण’ यांचा मारा करते. इथे ती गप्प बसली. पहिल्या प्रेमभंगानंतरचे चार महिने ज्यांनी काढलेत, त्यांना ती पानं कोरी वाटत नाहीत.

आता तक्रारींकडे येऊ. त्या दोन्ही बाजूंनी आल्या, हे विशेष. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती घेतल्या जातात त्यांची यादी काढते. २००९ च्या यादीत ही मालिका पाचव्या क्रमांकावर होती. लैंगिक मजकूर, धार्मिक दृष्टिकोन, वयाला न शोभणारं, अशी कारणं होती. आणि पुस्तकात काय आहे? लग्नाआधी काहीही होणार नाही यावर अडून बसलेला नायक! मेयर मॉर्मन पंथाची आहे. बेला चौथ्या भागात रीतसर लग्न करते, त्यानंतरच काय ते. म्हणजे सनातनी पालकांना पुस्तक फार धीट वाटलं आणि त्याच वेळी स्त्रीवादी वाचकांना ते फार सोवळं वाटलं. संयमाचं हे वर्णन इतकं रंगवून केलंय की संयमच चाळवणारा ठरतो, असा टोला त्या काळी एका अमेरिकन नियतकालिकाने हाणला होता. तो मला पटतो.

स्त्रीवाद्यांचा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आणि जास्त वजनदार होता. ‘इक्लिप्स’मध्ये बेलाने आपल्या मित्राला, जेकबला, भेटायला जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या जुन्या लाल ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. का, तर तिच्या सुरक्षिततेसाठी. जेकब लांडग्याचं रूप घेणारा, रागावर ताबा नसलेला. कथेच्या आत हे कारण टिकतंही. पण ज्या मुलीच्या आयुष्यात लांडगे नाहीत आणि तरीही तिच्या स्कूटीची किल्ली कुणीतरी ‘काळजीपोटी’ लपवून ठेवतं, तिने हे पान कसं वाचावं? घरगुती अत्याचाराची लक्षणं सांगणाऱ्या याद्या घेऊन वाचकांनी एडवर्डचं वागणं एकेक कलमाशी ताडून पाहिलं: पाळत ठेवणं, मित्रांपासून तोडणं, निर्णय परस्पर घेणं. बहुतेक कलमं जुळली. हे काम पुस्तकाची पारायणं केलेल्या वाचकांचं होतं, ते न वाचणाऱ्यांच्या हातून झालंच नसतं.

न वाचता बोलणारेही कमी नव्हते. २००९ साली सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात मुलींची झुंबड उडाली, तेव्हा ‘ट्वायलाइट’ने आमचा मेळावा नासवला असे फलक घेऊन काही पुरुष उभे राहिले. सुपरहीरोंच्या पोशाखात फिरणारी ही मंडळी काल्पनिक पात्रांसाठी किंचाळणाऱ्या मुलींना वेडं ठरवत होती. त्याच वर्षी स्टीफन किंगने मेयरला धड लिहिता येत नाही असं सुनावलं. ही टीका गद्याच्या दर्जावर होती आणि गद्यापुरती ती रास्त आहे. पण किंगने हेही मान्य केलं होतं, की प्रेमाच्या आणि देहाच्या जाणिवेकडे ही लेखिका कोवळ्या मुलींना न घाबरवता नेते. छापील मथळ्यांत पहिला भागच टिकला. पोरीबाळींच्या वाचनाकडे नाक मुरडण्याची हौस आपल्यालाही नवी नाही. फडक्यांच्या कादंबऱ्या उशीखाली दडवून वाचणाऱ्या आज्या आपल्यात होत्याच.

खरा उद्रेक चाहत्यांच्या घरातच झाला. तोवर ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ असे गट पाडून, टी-शर्ट घालून भांडणाऱ्या मुली ‘ब्रेकिंग डॉन’ हातात पडल्यावर एकदम एकत्र आल्या, आणि त्याही लेखिकेविरुद्ध. बेलाला मुलगी होते, रेनेस्मी नावाची, आणि जेकब त्या तान्ह्या बाळाशी जन्माची गाठ बांधून मोकळा होतो. शिवाय तीन पुस्तकं ज्या लढाईची हवा तापवली ती होतच नाही. इटलीहून आलेले दुष्ट व्हॅम्पायर चर्चा करून परत जातात. बेलाला नवरा, मूल, अमरत्व, माहेर, सगळं मिळतं, किंमत काहीच मोजावी लागत नाही. चिडलेल्या वाचकांनी पुस्तकं दुकानात परत करण्याची मोहीम काढली. चार वर्षांनी शेवटच्या चित्रपटात दिग्दर्शक बिल कॉन्डनने ती लढाई घडवून दाखवली, लाडक्या पात्रांची मुंडकी उडवली, आणि मग उलगडा केला, की ही तर एडवर्डची बहीण ॲलिस हिने दाखवलेली भविष्याची झलक होती. वाचकांच्या तक्रारीची इतकी चतुर दखल मी दुसऱ्या कुठल्या रूपांतरात पाहिलेली नाही.

मेयरनेही आपल्या परीने उत्तर दिलं. बेला म्हणजे सतत वाचवावी लागणारी अबला, या आक्षेपावर तिचं म्हणणं होतं, की व्हॅम्पायरांच्या गराड्यात कुठलंही माणूस दुबळंच ठरेल, मग तो मुलगा का असेना. ते सिद्ध करायला २०१५ मध्ये, दहाव्या वर्षानिमित्त, तिने ‘लाइफ अँड डेथ’ लिहिलं: तीच कथा, पण बेलाच्या जागी ब्यू नावाचा मुलगा आणि एडवर्डच्या जागी एडिथ. प्रयोग धाडसी होता, पण निम्माच साधला. अबलेचा आक्षेप बोथट झाला. पाळतीचा झाला नाही. खोलीत लपून बघणारी मुलगी असली म्हणून बघणं काही सोज्ज्वळ होत नाही. २०२० मध्ये ‘मिडनाइट सन’ आलं, एडवर्डच्या तोंडून सांगितलेलं. पहिल्याच दिवशी वर्गात बेलाचा वास आल्यावर तिच्यासह अख्खा वर्ग कसा मारून टाकता येईल याचा तो थंडपणे हिशोब करतो. एवढी वर्षं एडवर्डची बाजू घेणाऱ्यांपैकी कित्येकींना त्याच्या डोक्याच्या आत शिरल्यावर पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या लेखी हेच या मालिकेतलं सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे, आणि सर्वांत लांबलेलंही.

वाचकांचा आणखी एक गट आहे. त्यांनी हे पुस्तक मागितलं नव्हतं, पण ते त्यात होते. जेकब ज्या क्विल्यूट जमातीचा दाखवलाय ती खरी आहे. फोर्क्सपासून जवळच, समुद्रकाठी ला पुश या गावात, जेमतेम एक चौरस मैलाच्या राखीव जागेत ती राहते. आपले पूर्वज लांडग्यांपासून माणसं झाले, अशी त्यांची मूळकथा आहे. मेयरने त्यावर थंड रक्ताच्या व्हॅम्पायरांशी वैर आणि त्यांच्याशी झालेला तह स्वतःच्या मनाने रचला. फोर्क्सला त्याचा फायदा झाला. लाकूडतोडीचा धंदा बसलेल्या, साडेतीन हजार वस्तीच्या त्या गावात २०१० साली सत्तर हजारांहून जास्त लोक येऊन गेले. रुग्णालयाच्या वाहनतळावर डॉ. कलन यांच्यासाठी राखीव अशी पाटी लागली, बेलाच्या ट्रकसारखा लाल ट्रक उभा राहिला आणि सप्टेंबरात बेलाच्या वाढदिवसाच्या सुमारास उत्सव भरू लागला.

क्विल्यूटांच्या नावाने जगभर दागिने आणि कपडे विकले गेले; त्यांना विचारलं कुणी नाही. एका चित्रीकरण पथकाने तर त्यांच्या स्मशानात जाऊन वडीलधाऱ्यांच्या कबरींचं चित्रण केलं आणि त्याला भेसूर संगीत लावलं. कायद्याच्या प्राध्यापक अँजेला रायली यांनी २०१० मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये यावर खडसावून लिहिलं. सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीच्या मदतीने ‘ट्वायलाइट’मधलं खरं काय आणि रचलेलं काय हे मांडलं. एकूण वाचकवर्गाने ज्या प्रश्नावर सर्वांत कमी शब्द खर्च केले, तो हा. ट्रकच्या इंजिनावर जेवढी चर्चा झाली, तिच्या दशांशही जेकबच्या लोकांवर झाली नाही.

ला पुशच्या लोकांपुढचा धोका तर व्हॅम्पायरचा नव्हताच. गाव समुद्रसपाटीला आणि त्सुनामीच्या पट्ट्यात. शाळा अगदी लाटांसमोर होती. २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत कायदा होऊन ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली सुमारे ७८५ एकर जमीन जमातीला मिळाली, आणि २०२२ मध्ये शाळा उंचावरच्या नव्या इमारतीत गेली. पुस्तकामुळे झालेल्या गवगव्याचा या कामी उपयोग झाला का, यावर आता वाचकांनी खुशाल भांडावं.