कोवळ्या वयातली बाळंतीण

मेळघाटातल्या धारणी-चिखलदरा भागातली कोरकू मुलगी कधी कधी सतराव्या वर्षीच पहिलटकरीण म्हणून दवाखान्यात येते. घरची बोली कोरकू, प्रसूतिकक्षात मात्र मराठी नाहीतर हिंदी. 'जोर लाव' एवढं तिला कळतं. टाके का घातले, हे बहुतेकदा कळतच नाही. अठराखालच्या मुलीच्या गरोदरपणाची खबर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना द्यावी लागते. नवऱ्यावर गुन्हा होईल या धाकाने घरचे उशिरा येतात, वय चढवून सांगतात. हा धाक उराशी घेऊनच ती बाळंत होते.

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येणं सर्रास घडतं. पण दोन आठवडे उलटूनही झोप, भूक आणि बाळाची ओढ परतली नाही, तर ते नैराश्य असू शकतं. कमी वयात त्याचा धोका अधिक. आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, बाळाचं वजन, ताप पाहतात. त्याच भेटीत आईलाही 'तुला कसं वाटतंय?' हे तिच्या बोलीत विचारायला हवं, तेही सासू जवळ नसताना.

सरकारी रुग्णालयात प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायची मुभा केंद्राने २०१६ मध्ये दिली आहे. ही मुभा हक्काने मागा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.